भुकूमकरीण वारा

मला कमी बोलायची सवय आहे आणि ती मी वर्षानुवर्षं गुण म्हणून मिरवली. हवामानाची यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला फार बोलावं लागतही नाही. वाऱ्याची दिशा, वेग, वेळ, झालं. चौथा शब्द आला की घोळ सुरू होतो, असं मी हाताखालच्या लोकांना बजावायचे. कुणी बिनतारी संचावर "हॅलो मॅडम, नमस्कार, काय आहे ना" असं लांबण लावलं की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. आई म्हणायची, ही पोरगी बोलते की तार करते?

मूळची मी परभणीकडची. नोकरीपायी पुण्याला आले आणि भुकूमला बिऱ्हाड केलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटची काही वर्षं माझं काम मुळशीतच होतं. पिरंगुटच्या आसपासच्या काही कारखान्यांनी मिळून एक आपत्कालीन कक्ष काढला होता. एक खोली, दोन टेबलं, बिनतारी संच, भिंतीवर नकाशा. आणि एक गाडी. ती गाडी माझ्या ताब्यात.

गाडी म्हणजे साधी जीप. टपावर माणूसभर उंचीचा खांब, खांबाच्या टोकाला वारा मोजणारं यंत्र, त्याखाली तापमान आणि दमटपणाची डबी. पुढच्या बाजूला एक नळी होती. ती बाहेरची हवा आत ओढायची आणि त्या हवेत विषारी वायू किती आहे ते सांगायची. तिला आम्ही नाक म्हणायचो. कुठे वायू सुटला किंवा रसायनाला आग लागली की त्या जागेभोवती लांबून फिरायचं, जागोजागी वारा मोजायचा आणि तो ढग कुठल्या वस्तीकडे निघालाय ते कक्षाला कळवायचं. कक्ष मग वस्त्यांना फोन करणार.

वारा मोजायला गाडी कशाला उडवायची, असं बरेच जण विचारायचे. कक्षाच्या गच्चीवर यंत्र होतंच की! पण गच्चीवरचं यंत्र गच्चीवरचा वारा सांगतं. मुळशीत दर टेकडीचा वारा निराळा. पिरंगुटच्या घाटात एक, भरे गावच्या माळावर दुसरा, कासार आंबोलीच्या खाचरांत तिसराच. ज्याला वाऱ्याची चौकशी करायची आहे त्यानं वाऱ्याच्या दारात जावं, गच्चीवर बसून हाका मारू नयेत. हे मी मीटिंगमध्ये एकदा बोलले होते. माझ्या मानानं ते भाषणच झालं.

गावातले लोक तिला कोंबड्याची गाडी म्हणायचे. आमच्या यंत्राला ना चोच ना तुरा, पण शाळेच्या पुस्तकातला वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा सगळ्यांनी पाहिलेला. नाव पडलं ते पडलं.

गाडीचे ड्रायव्हर कासार आंबोलीचे. पन्नाशीचे गृहस्थ, घरची शेती, रस्त्याकडेला चार खोल्या काढून कामगारांना भाड्यानं दिलेल्या. माणूस म्हणजे रेडिओ. सकाळी भुकूमला मला घ्यायला यायचे तेव्हा सुरू झालेला संध्याकाळी सोडतानाही चालूच. पण गाडी अशी चालवायचे की मी तोंडातून ब्र काढला नाही. कारण गाडी पळायला लागली की यंत्राला गाडीचाही वारा लागतो, तो वजा करावा लागतो. ते काम संगणक करतो, पण वेग सारखा खालीवर झाला की त्याचंही डोकं फिरतं. हे मी त्यांना एकदाच सांगितलं.

"म्हंजी गाडी पळाया लागली की वारा बी खोटं बोलतोय," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून काटा हलू दिला नाही.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भऱ्याच्या माळावर गाडी उभी होती. मी संचावर कळवलं, "वारा पश्चिम. तीन." ते काचेतून बाहेर बघत होते.

"मॅडम, चुकलं काय वो? वारा तर उगवतीकडं चाललाय. त्या बाभळीचं शेंडं बगा की."

"पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. जिकडून येतो त्या दिशेचं नाव असतं त्याला. जातो कुठे त्याचं नाही."

त्यांनी बाभळीकडे पुन्हा बघितलं. मग एकदम मांडीवर थाप मारली.

"आरं तिच्या! सुनंसारखं! आमच्यात सुनंला तिच्या म्हायेरच्या गावानं वळखत्यात. आमची मंडळी भुकूमची, म्हनून समदी वस्ती तिला भुकूमकरीण म्हनती. नांदती आंबोलीत, नाव भुकूमचं. वाऱ्याचं बी तसंच की! आला कुटनं त्याचं नाव. चाललाय कुटं, त्ये ज्याचं त्यानं बगावं."

तीस वर्षं मी लोकांना हे शिकवत होते. आकृत्या काढून, बाण काढून. इतकं सोपं मला कधी जमलं नव्हतं. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! तोंडानं म्हटलं, "बरोबर. गाडी काढा."

भुकूमकरणीची आणि माझी ओळख आधी आवाजावरून झाली. त्यांची जमीन रस्त्याला लागून, आणि दुपारी आम्ही त्या बाजूला असलो की ती जेवण घेऊन बांधावर यायची. यायची म्हणजे दिसायची नंतर. आधी हाक यायची. "ओऽऽ भाकरीऽऽ!" मधे तीन खाचरं, एक ओढा, काचा बंद, संच चालू, तरीही हाक गाडीत पोचायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातलं पेन पडलं. ड्रायव्हर मिशीत हसले. "हिला बिनतारी द्यायची गरज न्हाई मॅडम. हिचं बिनतारीच हाय."

त्या वस्तीत शेतीची कामं सावडीनं व्हायची. आज सगळ्या बाया हिच्या शेतात, उद्या तिच्या. सावडीला बोलवायचं कामही भुकूमकरणीकडेच. घरोघर फिरायची गरज नाही. बांधावर उभं राहून एक आरोळी ठोकली की वस्ती गोळा.

मला ती भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा द्यायची आणि वर टोमणाही. एकदा माझं संचावरचं बोलणं ऐकून म्हणाली, "म्याडम, येवढंच? मला वाटलं आता फुडं काय तरी सांगतील. तुमच्या वाऱ्याला तरी कळतं का, तुमी काय म्हनलात?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं."

"बोलनाऱ्याची माती इकती म्याडम, न बोलनाऱ्याचं सोनं बी इकत न्हाई."

मी ठेच्याचं कौतुक करून विषय बदलला. राग आला होता, खोटं कशाला सांगू? चुलीपुढच्या बाईनं माझ्या कामात नाक खुपसावं याचा राग आला होता.

वायू सुटल्याचं नाटक करून आम्ही जे सराव घ्यायचो, त्यांत कधी गडबड झाली नाही. सरावात गाडीतला संगणक कक्षातल्या पडद्यावर थेट नकाशा पाठवायचा. नकाशावर बाण असायचा. बाणाला व्याकरण लागत नाही. माझे तीन शब्द नुसते सोबतीला.

तो दिवस फेब्रुवारीतला. हरभऱ्याची काढणी चालू होती. पिरंगुट सोडून आंबोलीकडे जाताना रस्त्यापासून आत एक बर्फाचा कारखाना होता. बर्फ करायला अमोनिया लागतो. सकाळी साडेनऊच्या सुमाराला तिथल्या नळाचा जोड निखळला आणि वायू सुटला. मला फोन आला तेव्हा ड्रायव्हर भुकूमला माझ्या दारात गाडी पुसत होते.

पुढचं समजायला जागा लक्षात ठेवायला हवी. कारखान्याच्या पूर्वेला कामगारांच्या खोल्या, आणि त्याच अंगाला लांब घाटापलीकडे भुकूम. पश्चिमेला हरभऱ्याची शेतं आणि शेतांपलीकडे ड्रायव्हरची वस्ती, मारुतीचं देऊळ, देवळापुढे पटांगण. दक्षिणेला ओढा, ओढ्यापलीकडे डांबरी रस्ता. हिवाळ्यात तिथं सकाळी डोंगरावरची गार हवा खाली उतरते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. उन्हं चढली की ती थांबते. थोडा वेळ पान हलत नाही. मग वारा उलटा फिरतो.

त्यामुळे पहिला अर्धा तास वायू पूर्वेला, खोल्यांकडे गेला. कारखान्याच्या फाटकावर वारा दाखवणारी कापडी पिशवी होती, ती बघून कक्षानं खोल्यांतल्या लोकांना सांगितलं, लांबून वळसा घालून पश्चिमेला मारुतीच्या पटांगणात जा. त्या वेळी हे अगदी बरोबर होतं. लोक निघाले. हरभरा काढणाऱ्या बायाही पटांगणात जमल्या.

घाट उतरताना ड्रायव्हरनं बायकोला फोन लावला. फोन समोर अडकवलेला, स्पीकर चालू.

"हितं समदी ठीक हायेत," भुकूमकरीण म्हणाली. मागे गलका. "वास बी न्हाई. खोलीवाली मान्सं यायला लागल्यात, त्यास्नी पानी देतोय. तुमी जपून या. नाकाला फडकं लावा."

"आमच्या गाडीलाच नाक हाय," ड्रायव्हर म्हणाले. पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि घाट संपेपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. रेडिओ बंद पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दक्षिणेच्या रस्त्यावर गाडी लावली तेव्हा वारा मेलेला होता. मी कळवलं, "वारा शांत." नकाशा मात्र जाईना. टेकडीच्या आड मोबाइलचं नेटवर्क मध्येच यायचं, मध्येच जायचं. ड्रायव्हरच्या फोनला मिळत होतं आणि माझ्या संगणकाच्या सिमला नाही. आधीच उल्हास, त्यात कक्षातला नेहमीचा माणूस रजेवर. त्याच्या जागी बदली आलेला, विदर्भातला, फार नम्र, प्रत्येक वाक्य पुरं करणारा गृहस्थ. त्यानं आमच्यासोबत एकही सराव केलेला नव्हता. हे मला माहीत होतं.

दहा चाळीसला खांबावरचं यंत्र वळलं. पूर्वेकडून वारा सुरू झाला, हलका, पण ठाम. मी संचाचं बटण दाबलं.

"वारा पूर्व. दोन. दहा चाळीस."

"वारा पूर्व, दोन, दहा चाळीस. समजलं मॅडम. काळजी घ्या."

त्यानं शब्दन् शब्द परत म्हटला होता. माझं समाधान झालं. 'काळजी घ्या' हे फुकटचं, असंही मनात आलं.

त्याच्या जागेवर बसून बघा. सकाळी वारा पूर्वेला चालला होता. मग थांबला. आता मॅडम म्हणतात, वारा पूर्व. म्हणजे पुन्हा पूर्वेला सुरू झाला, असंच कुठलाही शहाणा माणूस समजेल. तो वाक्य पुरं करणारा माणूस. त्यानं माझ्या शब्दाला प्रत्यय लावून वाक्य पुरं केलं आणि वस्तीच्या पोलीस पाटलाला फोन केला: वारा पूर्वेला आहे, तुम्ही पश्चिमेला आहात, पटांगण सोडू नका, राहिलेल्या लोकांनाही तिकडेच घ्या.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही रस्त्यानं पश्चिमेकडे सरकत होतो, ढगाची कड शोधत. नाक हळूहळू आकडा चढवत होतं. ठरलेल्या क्रमानं सगळं चाललं होतं आणि मी निवांत होते. कक्षाला कळवलंय म्हणजे वस्ती एव्हाना रिकामी झाली असणार, हे मी गृहीत धरलं होतं.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला.

"आवो, पाटलास्नी फोन आला व्हता. वारा पूर्वेला हाय, हितंच थांबा म्हनं. समदी बसून हायेत. पर डोळं चुरचुराय लागल्यात बगा. पोरं खोकत्यात. असं का वो?"

'पूर्वेला' हा शब्द ऐकला आणि काय झालं ते एका क्षणात समोर उभं राहिलं. मी पुढे झुकून फोनमध्ये बोलायला लागले. इतकं भरभर मी आयुष्यात बोलले नव्हते. "पूर्वेला नाही, पूर्वेचा! पूर्वेचा वारा म्हणजे पश्चिमेकडे जाणारा, तुम्ही त्याच्या वाटेत आहात, काटकोनात बाजूला व्हा, दक्षिणेला..."

"आँ? पूर्व म्हंजी? म्याडम, काय कळंना, लई कालवा हाय हितं!"

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला आणि फोन हातात घेऊन ओरडले, "आगं ये! वारा तुझ्यावानी हाय! भुकूमकरीण हाय वारा! भुकुमाकडनं आलाय आन आपल्या घरात शिरतोय!"

फोनवर "आगं बया!" एवढंच. आणि मग ती आमच्याशी बोलत नव्हतीच. फोन बहुतेक कमरेला खोचला असावा, कारण लुगड्यात घुसमटल्यासारखी, तरीही कान फाटतील अशी तिची आरोळी ऐकू आली. "ए बायांनोऽऽ! उठा! वड्याकडं चला, वड्याच्या पल्याड! फुडं न्हाई, आडवं पळा! पदर भिजवा, नाकाला लावा!"

पदर भिजवायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. अमोनिया पाण्यात विरघळतो, त्यामुळे ते अगदी योग्य होतं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, मिरच्या भाजताना आमी तेच करतोय की.

आम्ही ओढ्याच्या अलीकडे गाडी लावली. लोक यायला लागले. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सकाळी खोल्यांतून आलेले बिहारकडचे कामगार, सगळे डोळे पुसत, खोकत, पण पायांवर. ड्रायव्हर येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड बघत होते. एकीला त्यांनी विचारलं, "भुकूमकरीण कुटं?"

ती म्हणाली, "बांधावर हाय."

खोल्यांमधली शेवटची एक तुकडी अजून वाटेत होती. वळसा घालून शेतातल्या पाऊलवाटेनं पटांगणाकडेच निघालेली, कारण त्यांना तसंच सांगितलेलं. त्यांतल्या कुणाचा फोन नंबर वस्तीत नव्हता. भुकूमकरणीनं त्यांना पटांगणावरून पाहिलं आणि सगळे ओढ्याकडे पळाले तेव्हा ती उलट दिशेला, उंच बांधावर गेली. तिथून ती ओरडत होती. तिला धड हिंदी येत नव्हती. "इदर मत आव! वापस! नाला! नालाऽऽ!" आम्हाला ओढ्याशी ऐकू येत होतं. ओरडायचं म्हणजे आधी छातीभर श्वास घ्यायचा. आणि तिच्या भोवतीची हवा कशी असेल याचा अंदाज माझ्यासमोरच्या पडद्यावरच्या आकड्यांवरून येत होता.

ती तुकडी थांबली आणि ओढ्याकडे वळली. आरोळी मात्र थांबली नाही. ते ओढ्यात उतरेपर्यंत ती ओरडत राहिली, आणि मग एकदम काही ऐकू येईना.

गाडीत विषारी वायूत घालायचा एकच मुखवटा होता. नियमानं तो माझा. मी तो काढून ड्रायव्हरच्या हातात दिला. द्यायच्या आधीच त्यांनी तो ओढून घेतला होता, असंही म्हणता येईल. ते गेले. मला गाडी सोडता येत नव्हती. कुणीतरी वारा सांगत राहणं भाग होतं, तो पुन्हा फिरला असता तर ओढ्याकाठची सगळी माणसं त्यात सापडली असती. मी बसून राहिले आणि दर दोन मिनिटांनी सांगत राहिले, "वारा पूर्वेकडून येतो आहे आणि पश्चिमेकडे जातो आहे. ओढ्याकडे येत नाही. पुन्हा सांगते." पुरी वाक्यं. त्या दिवशी मला ती यायला लागली.

ड्रायव्हर तिला खांद्यावर टाकून घेऊन आले. डोळे मिटलेले, श्वास शिट्टीसारखा. ओढ्यात बसवून बायांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. रुग्णवाहिकेत चढवताना ती काहीतरी बोलायला गेली. ओठ हलले, आवाज आला नाही. आम्हाला वाटलं, दमली असेल.

कुणी दगावलं नाही. अहवालात हे वाक्य सगळ्यात वर आहे. चार-पाच जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेही आठवड्याभरात घरी गेले. भुकूमकरीण सगळ्यात शेवटी. डोळे वाचले. फुप्फुसं सावरली. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्र भाजलंय. बोलता येईल, पण कुजबुजल्यासारखं. मोठा आवाज आता निघायचा नाही.

चौकशीला समिती बसली. कक्षाची वही मागवली. वहीत त्या बदली माणसानं माझे शब्द जसेच्या तसे लिहिले होते: वारा पूर्व, दोन, दहा चाळीस. पाटलांनी सांगितलं, फोनवर मात्र तो 'पूर्वेला' म्हणाला. समितीनं मला विचारलं, "तुमचा संदेश बरोबर होता?" मी म्हटलं, "बरोबर होता." दोन शब्द. शास्त्रानं पाहिलं तर त्यात खोटं काही नव्हतं. त्या माणसाला काढून टाकलं. जाताना तो मला भेटायला आला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला, मला माफ करा." वाक्य नेहमीप्रमाणे पुरं. मी मान हलवली.

ड्रायव्हर महिन्याभरानं कामावर आले. बोलणं पूर्वीसारखंच, फक्त विषय एकच झाला. रोज सकाळी घाट चढताना ते त्या बदली माणसाला शिव्या घालायचे. "ध चा मा केला मेल्यानं! एका अक्षरापायी माझ्या बायकूचा गळा गेला. शिकल्याली मान्सं ही! न्हाई कळलं तर इचारावं का न्हाई मान्सानं? आँ? इचाराय काय पैसं पडत्यात?" मग माझ्याकडे बघायचे. मी खिडकीबाहेर बघायचे. असं दिवसांमागून दिवस चाललं. ध चा मा करायला निदान कुणाला तरी ध लिहावा लागतो. मी तर ते अक्षरच दिलं नव्हतं. मोकळी जागा सोडली होती आणि ती भरल्याबद्दल त्याची नोकरी गेली. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. झोप लागत नव्हती आणि मी गप्प होते. लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटत होती.

शेवटी एका रविवारी मी घरी बसून समितीला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. संदेश अपुरा होता, समोरचा माणूस नवा आहे हे ठाऊक असूनही मी तो अपुरा दिला, दोष माझा. सोमवारी ते पिशवीत घातलं. पण द्यायच्या आधी ज्याला सांगायला हवं त्याला सांगायचं ठरवलं होतं.

दुपारी आम्ही आंबोलीच्या रस्त्याला थांबलो होतो. ड्रायव्हरनं सवयीप्रमाणे शिव्यांना सुरुवात केली. मी म्हटलं, "थांबा. त्याची चूक नव्हती. 'पूर्वेकडून' म्हणायला मला एक श्वास जास्त लागला असता. मी तो घेतला नाही. तुमच्या बायकोचा आवाज माझ्यामुळे गेला."

ते रागावले नाहीत. तेच सोसायला जास्त जड गेलं.

"मला ठावं हाय मॅडम," ते म्हणाले. "मी शेजारीच बसलो व्हतो की. ऐकलं व्हतं मी बी. तवा तुमास्नी इचारलं न्हाई, कंच्या अंगाचा म्हनून सांगा त्याला. मला वाटलं, समद्यास्नीच ठावं असंल." मग म्हणाले, "तुमी कवा बोलताय, त्येची वाट बगत व्हतो."

तेवढ्यात समोर अडकवलेला फोन एकदा वाजला आणि बंद झाला. मी चमकून बघितलं. मिस्ड कॉल. तीन खाचरं आणि ओढ्याच्या पलीकडे, बांधावर भुकूमकरीण उभी होती. एका हातात फडक्यात बांधलेलं जेवण, दुसरा हात वर. तोंड मिटलेलं.

"भाकरी आली," ड्रायव्हर म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले.